सदर ते कामठी : एका जांभळ्या फितीचा शोध

शनिवारी संध्याकाळी सात वाजता सदरच्या रेसिडेन्सी रोडवर टू-व्हीलर लावायला जागा मिळाली, तर समजायचं की आपला दिवस चांगला आहे. माझा नव्हता. तीन चकरा झाल्या. शेवटी एका शोरूमसमोर गाडी घुसवायला गेले, तर करड्या युनिफॉर्ममधला वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला आणि जवळ आल्यावर हसायला लागला. ‘तू होय! लाव, लाव. त्या खांबाच्या बाजूनं लाव.’

तो माझा सख्खा मामा. त्याच्याबद्दल पुढे सांगते. आधी मी तिथे काय करत होते ते.

२६ जानेवारीच्या अंकासाठी एडिटरनं दिलेली असाइनमेंट फोनवर तरी एकदम सोपी वाटली होती. ‘आपले परमवीर’. नागपूर परिसरातले परमवीर चक्र विजेते, त्यांची घरं, त्यांच्या नावाचे चौक आणि रस्ते, दोन-चार चांगले फोटो, बाजूला एक बॉक्स. ‘लोकल अँगल हवा,’ हे तो दोनदा म्हणाला. मास कॉमला पहिल्या सेमिस्टरला आम्हाला हेच शिकवलं होतं. दिल्लीत काय झालं ते सगळेच छापतात, तुम्ही गल्लीत काय झालं ते शोधा. ठीक आहे, म्हटलं, शोधू. गल्ली म्हणून मी सदर निवडलं.

सदर का? कारण सदर हे नावच मुळी फौजेचं आहे. आपण सदरला जातो ते शॉपिंगला, मोमोजला, नॉनव्हेज चापायला, कॉलेजात असताना उगाच चकरा मारायला. पण सदर बाजार म्हणजे छावणीचा मुख्य बाजार. मेरठमध्ये सदर आहे, अंबाल्यात आहे, जबलपूरला आहे, झाशीला आहे. जिथे इंग्रजांची फौज तळ ठोकून बसली, तिथे तिच्या भाजीपाल्यासाठी, बुटांसाठी आणि शिंप्यांसाठी सदर बाजार वसला. १८१६ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, पुढच्याच वर्षी २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली आणि मग इथला रेसिडेंटच खरा मालक झाला. रेसिडेंट गेला, रोडला त्याचं नाव राहिलं. आतल्या बाजूला आजही छावणी नावाची वस्ती आहे. कॅपुचिनो पिताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं.

आणि आजूबाजूला बघा. कस्तुरचंद पार्ककडून मान वर केली की सीताबर्डीचा किल्ला. तो अजून लष्कराकडेच आहे आणि २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा तीन दिवशी आपल्यासारख्यांना आत सोडायचा रिवाज आहे. पलीकडे वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. कामठी रोडनं पंधरा-सोळा किलोमीटर गेलं की कामठीची छावणी. एवढी फौज चारी बाजूंना असलेल्या शहरात परमवीर किती असतील, तुमचा अंदाज?

मीही तसाच अंदाज करून बसले होते. मग यादी उघडली. परमवीर चक्र सुरू झालं २६ जानेवारी १९५० ला, पण लागू केलं १५ ऑगस्ट १९४७ पासून. इतक्या वर्षांत ते मिळालं फक्त २१ जणांना, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर. मी २१ जन्मगावं एका कागदावर लिहून काढली. कांगडा, शाहजहानपूर, बर्नाला, मोगा, जोधपूर, गाझीपूर, लुधियाना, पालमपूर… नागपूर नाही. वर्धा नाही, भंडारा नाही, अमरावती नाही. अख्ख्या विदर्भात एक नाही. झाला माझा लोकल अँगल!

महाराष्ट्राच्या वाट्याला येतात ते असे. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, जन्म मुंबईचा. १९६५ च्या युद्धात पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर. फिलोराला जखमी झाले, मागे जायला नकार दिला आणि १६ सप्टेंबरला रणगाड्यांच्या लढाईत गेले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, रेजिमेंट तीच पूना हॉर्स, तारीख १६ डिसेंबर १९७१, वय २१. मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, त्यांच्याकडे परत येणार आहे. आणि सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिये गावचे. कारवार आज कर्नाटकात असलं, तरी राणे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे पुण्याच्या खडकीचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग त्यांनी अक्षरशः रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत काढले, तेही मांडीला जखम असताना. निवृत्त झाले, पुण्यात राहिले, १९९४ मध्ये वारले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे.

सगळं खरं, पण एडिटर म्हणणार, ‘मुंबई-पुण्याच्या आवृत्तीला देऊ का मग?’

मग मी दुसरी आयडिया केली. सन्मान हा माणसांच्या आठवणीत असतो ना, तर माणसांनाच विचारू. सदरच्या एका कॅफेत सहा जणांचा ग्रुप बसला होता, आयटीतली आणि बँकेतली पोरं. ‘परमवीर चक्र मिळालेल्यांची नावं सांगा.’ सहाही जण एका सुरात : विक्रम बत्रा! ‘शेरशाह’ आला होता ना २०२१ ला. अजून? मनोज पांडे, एक जण म्हणाला. अजून? शांतता. मग एकीनं मलाच विचारलं, ‘परमवीर मोठं की महावीर?’ तिच्यावर हसू नका. आठ दिवसांपूर्वी मलाही परमवीर, महावीर आणि वीर अशी उतरंड नीट सांगता आली नसती. व्हीसीएच्या जुन्या ग्राउंडवर कुणी किती रन काढले ते मात्र याच टेबलवर तिघांना पाठ होतं.

पाट्याही वाचल्या. रेसिडेन्सी रोडवरून मंगळवारी बाजाराकडे, तिथून गड्डीगोदामपर्यंत आणि परत. मी फिरले तेवढ्या रस्त्यांवर एकाही पाटीवर मला परमवीर भेटला नाही. डिस्काउंटच्या पाट्या किती भेटल्या, विचारू नका.

तर अशी रिकाम्या हातानं मी मामाच्या शोरूमसमोर गाडी लावत होते.

मामा काटोलकडचा. १९९० मध्ये भरती झाला, २०१२ मध्ये हवालदार म्हणून घरी आला. रेजिमेंट ब्रिगेड ऑफ द गार्ड्स. घरी आल्यावर दोन वर्षं शेती केली, संत्र्याचे भाव बघितले आणि सदरला सिक्युरिटीची नोकरी धरली. ‘तिकडे गार्ड्समन होतो, इथं गार्ड आहो. मन गेलं, बाकी तेच,’ हा त्याचा नेहमीचा जोक. तो आम्ही इतक्या वेळा ऐकलाय की आता कुणी हसत नाही. फक्त मामी तेवढी दरवेळी तोंड फिरवते.

‘काय लिहून राहिली आता?’ मामानं विचारलं.

‘नागपूरचे परमवीर.’

‘किती सापडले?’

‘एकही नाही.’

मामानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी तो राँग साइडनं येणाऱ्या स्कूटीकडे बघतो. ‘असं कसं? एक्का साहेब आहेत ना आपले.’

‘अल्बर्ट एक्का? मामा, ते झारखंडचे.’

‘अगं, पण आपल्या रेजिमेंटचे ना!’ आणि मग, शोरूमचं दार एका मॅडमसाठी उघडून, बंद करून, परत माझ्याकडे वळून : ‘उद्या मला सुट्टी आहे. कामठीला चल. तुझी गाडी काढ.’

रविवारी सकाळी मी मामाला मागे बसवून निघाले. गड्डीगोदामला एकावर एक चार मजली वाहतूक आहे, खाली रस्ता, वर रेल्वे, वर उड्डाणपूल, वर मेट्रो. तिथे प्रत्येक नागपूरकर पाहुण्याला मान वर करायला लावतो, मामानं मलाच लावली. पुढे कडबी चौक, इंदोरा, मग रस्ता मोकळा. कामठीची छावणी इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवली. ‘कॅम्प टी’वरून कामठी, असं म्हणतात. म्हणजे सदर आणि कामठी ही एकाच फौजेची दोन टोकं. इकडे राहुट्या, तिकडे साहेबाचा बंगला, आणि मध्ये हा रस्ता.

गोरा बाजारातल्या एका दुकानाशी मामानं थांबवलं. बूट, बेल्ट, बॅजेस, टोप्या आणि काचेच्या कपाटात रंगीबेरंगी फितींची रिळं. फौजी भाषेत रिबन. छातीवर पदकांऐवजी रोज लावतात त्या पट्ट्या इथेच बनवून मिळतात. कुठली फीत कशाची हे मामा पोपटासारखं सांगत होता : ही सियाचीनची, ही नऊ वर्षांची, ही वीस वर्षांची. त्याच्या स्वतःच्या पट्टीत पाच रंग होते. मी दुकानदाराला विचारलं, ‘भैया, परमवीर चक्र का रिबन दिखाना.’

‘वो जांभला वाला?’ तो हसला. ‘वो रखते नहीं, मॅडम. मांगेगा कौन?’

साधी जांभळी फीत, ३२ मिलिमीटर रुंद. त्याखाली साडेतीन सेंटिमीटर व्यासाचं काशाचं गोल पदक. सोनं नाही, चांदी नाही. मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजीत नाव, मध्ये दोन कमळं. हे डिझाइन ज्या बाईनं केलं, तिची गोष्ट मला या सगळ्या शोधात अचानक मिळाली, आणि खरं सांगू? माझा अख्खा लेख तिच्यावरच लिहावा असं एका रात्री वाटलं होतं.

तिचं नाव सावित्री खानोलकर. जन्माचं नाव ईव्ह, जन्म १९१३, स्वित्झर्लंड. विक्रम खानोलकर नावाच्या मराठी फौजी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडली, १९३२ मध्ये लखनौला त्याच्याशी लग्न केलं, मराठी शिकली, संस्कृत शिकली, पुराणं वाचली, नृत्य शिकली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. तिच्याकडे हे काम आलं ते मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडून. स्वतंत्र देशाला आता व्हिक्टोरिया क्रॉस चालणार नव्हता, आपलं काहीतरी हवं होतं. तिनं दधीची ऋषींची गोष्ट उचलली. देवांना शस्त्र हवं होतं म्हणून दधीचींनी आपली हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं. एक स्विस मुलगी, मराठी सून, आणि भारतातल्या सगळ्यात मोठ्या शौर्यपदकावर तिनं कोरलं ते एका ऋषीच्या हाडांचं शस्त्र. ती कुठली म्हणायची? तिच्या जन्मगावाच्या रकान्यात एडिटर काय छापणार? हा प्रश्न माझ्या डोक्यात त्या दुकानात आला आणि मग दिवसभर गेलाच नाही.

पुढचा योगायोग तर सिनेमावाल्यानं लिहिला असता, तर आपण म्हटलं असतं, काहीही! पहिलं परमवीर चक्र जाहीर झालं ते मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. आणि सोमनाथ हे सावित्रीबाईंची लेक कुमुदिनी हिचे दीर. ३ नोव्हेंबर १९४७, बडगाम. डावा हात हॉकी खेळताना मोडलेला, प्लास्टरमध्ये. त्याच हातानं ते मॅगझिन भरून पोरांना देत होते. शत्रू संख्येनं कित्येक पट होता, पण श्रीनगरचा विमानतळ वाचायला हवा होता, म्हणून ते मागे हटले नाहीत. वय २४. त्यांची बटालियन ४ कुमाऊं.

कुमाऊं म्हणजे उत्तराखंड, आपला काय संबंध? थांबा. ही बटालियन उभी राहिली १७८८ मध्ये, नवाब सलाबत खानाची पलटण म्हणून, आणि कुठे, तर एलिचपूरला. म्हणजे आपलं अचलपूर, जिल्हा अमरावती! पुढे ती निजामाच्या कंटिन्जंटमध्ये गेली, मग १९ हैदराबाद रेजिमेंटमध्ये, आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटला कुमाऊं हे नाव मिळालं. देशातलं पहिलं परमवीर चक्र ज्या पलटणीनं आणलं, तिचं पाळणाघर वऱ्हाडात आहे. हे मी मामाला चहाच्या टपरीवर सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा त्याचे डोळे मोठे झाले. ‘हे मले माहीत नव्हतं,’ तो म्हणाला. पत्रकार झाल्याचं सार्थक झालं बघा.

मग त्यानं माझी परतफेड केली. टपरीच्या बाकावर त्यानं दोन चहाचे ग्लास ठेवले, बिस्किटाचा पुडा उभा केला, माझी गाडीची किल्ली घेतली. ‘हे गंगासागर. हे आगरतळा, हे इकडे आपण. ३ डिसेंबर १९७१ ची रात्र. १४ गार्ड्स. एक्का साहेब डावीकडच्या कंपनीसोबत.’

किल्ली म्हणजे एक्का. पहिल्या ग्लासातून शत्रूची एलएमजी चालू आहे आणि कंपनीतली माणसं पडताहेत. एक्का एकटे बंकरवर धावून गेले, संगिनीनं दोघांना मारलं आणि एलएमजी थांबवली. तेव्हाच जबर जखमी झाले. थांबले नाहीत. एकामागून एक बंकर साफ करत मैलभर आत गेले. मग ही बिस्किटं, म्हणजे पक्की, मजबूत केलेली इमारत. तिच्या वरच्या मजल्यावरून एमएमजी सुरू झाली. एक्का सरपटत गेले, हातबॉम्ब आत टाकला. एमएमजी तरीही चालूच. मग ते बाजूच्या भिंतीवरून चढले, आत शिरले आणि जो चालवत होता त्याला संगिनीनं संपवलं. एमएमजी बंद. किल्ली बिस्किटाच्या पुड्यावर ठेवून मामा गप्प बसला. ‘आणि मग गेले,’ तो थोड्या वेळानं म्हणाला. ‘वय अठ्ठावीस. पंचविसेक दिवसांनी एकोणतीस झाले असते.’

माझं वय काय आहे, ते मी इथे लिहिणार नाही. पण मी गणित केलं.

मामाला हे कसं इतकं पाठ? ‘रिक्रुट होतो तेव्हा ऐकलं ना. नंतर मीही पोरायले सांगितलं.’ गार्ड्समध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती त्यानं सांगितली तेव्हा मला माझा लेख दिसला. ही रेजिमेंट १९४९ मध्ये जनरल करिअप्पांनी उभी केली, चार जुन्या रेजिमेंट्समधल्या एकेका पलटणीतून. आणि ठरवलं की इथे भरती एका जातीची, एका प्रांताची नसेल. देशाच्या पायदळातली अशी ही पहिली रेजिमेंट. म्हणून काटोलचा पोरगा आणि गुमल्याचा आदिवासी पोरगा एकाच गरुडाचा बिल्ला लावू शकला. आज त्या रेजिमेंटचं केंद्र, म्हणजे फौजी भाषेत तिचं घर, कामठीत आहे. ब्रीदवाक्य : पहला हमेशा पहला. ‘तू जन्मगाव धुंडत बसली,’ मामा म्हणाला. ‘आम्ही कोणाले विचारतो का गाव? पलटण विचारतो.’

केंद्राच्या गेटपर्यंत गेलो. आत जायची परवानगी आम्ही घेतली नव्हती, त्यामुळे बाहेरूनच. मामा सिव्हिल कपड्यांत, हाफ स्वेटर, पायात सँडल. गेटवरच्या जवानाशी दोन वाक्यं झाली : कुठली बटालियन, कधी निवृत्त झालात. जवानानं ‘राम राम साब’ म्हटलं. सदरच्या शोरूमवर मामाला कुणी ‘साब’ म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. तिथे त्याला ‘ए भाऊ’, ‘ओ वॉचमन’ आणि एकदा एका जीन्सवाल्या मुलीनं ‘एक्स्क्यूज मी’ म्हटलं होतं, तेव्हा तो आठवडाभर खूश होता.

परत येताना इंदोऱ्याला मी त्याला माझ्याकडची दुसरी गोष्ट सांगितली. कामठी ही फक्त गार्ड्सची नाही. दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर होते त्या काळात, महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. पहिली बटालियन ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला, आणि दुसरी जून १९४२ मध्ये इथे, कामठीत. त्याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये होते मेजर परमेश्वरन, ज्यांच्याकडे परत येईन म्हणाले होते ते. मुंबईत वाढलेला तमिळ मुलगा. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत, शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. ते हल्लेखोरांच्या मागच्या बाजूनं जाऊन भिडले. हातघाईत छातीत गोळी लागली, तर त्याच अतिरेक्याची रायफल हिसकून त्याला मारलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेचं ते एकमेव परमवीर चक्र. कामठीत रुजलेल्या रेजिमेंटमध्ये मुंबईचा तमिळ अधिकारी, आणि लढाई जाफन्याची. करा लोकल अँगल!

आता सन्मानाचं म्हणाल, तर देशानं काही केलं नाही असं अजिबात नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात एकवीस जणांचे अर्धपुतळे आहेत. २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या २१ बेटांना त्यांची नावं दिली गेली. खडकवासल्याला एनडीएचं परेड ग्राउंड खेत्रपालांच्या नावाचं आहे. रांचीच्या मधोमध अल्बर्ट एक्का चौक आहे, आगरतळ्यात अल्बर्ट एक्का पार्क आहे, गुमल्यात त्यांच्या गावाच्या तालुक्याला त्यांचं नाव आहे. स्वातंत्र्याआधीचे धरले, तर माणगावला व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, इटलीत १९४४ मध्ये लढून गेलेला हा रायगडचा नाईक. ज्यांचं गाव, त्यांनी पुतळा उभारला. जिथे रक्त सांडलं, त्यांनी बाग केली. पलटणीचं घर ज्या शहराला लागून आहे, त्यानं काय करायचं हे कुठे ठरलेलंच नाही, आणि म्हणून आपण मोकळे सुटलो, असं माझं प्रामाणिक मत आहे. चौकाचं नाव बदला असं मी म्हणत नाहीये. नागपुरात चौकाचं नाव बदललं, तरी लोक जुनंच म्हणतात, पागलखाना चौक हा पागलखाना चौकच राहतो. मला एवढंच वाटतं की कॅफेतल्या त्या सहा जणांना ‘सोळा किलोमीटर’ हा आकडा माहीत असावा.

संध्याकाळी मामाला सदरला सोडलं. सुट्टी होती, पण दुसऱ्या वॉचमनची मुलगी आजारी म्हणून याला रात्रपाळीला बोलावलं होतं. शोरूमच्या मागच्या बाजूला जाऊन तो कपडे बदलून आला. करडा शर्ट, खांद्यावर एजन्सीचा बिल्ला, छातीवर काही नाही.

‘मामा, तुझं नाव छापू?’

‘माझं कायले? मी काय केलं?’ तेवढ्यात एका एसयूव्हीनं हॉर्न दिला, ओ वॉचमन, गाडी काढायची आहे! मामा शिट्टी तोंडात धरून धावला, दोन स्कूटी हलवल्या, हातानं मागे मागे करत गाडी रस्त्याला लावून दिली आणि परत आला. दम लागला होता.

‘एक्का साहेबांचं बरोबर लिहिजो,’ तो म्हणाला. ‘क दोनदा. आणि नुसतं अल्बर्ट एक्का नको. आधी लान्स नायक लावजो.’